जोत्याखालचं पाणी आणि दोन ठेकेदार

घरातली ओल घालवायला आम्ही दोन ठेकेदार लावले. आधी निकाल सांगते, मग सविस्तर. भिंतीत भोकं पाडून केमिकल भरणाऱ्या शहरातल्या कंपनीला पाचपैकी दीड तारा. घरामागे चर खणून पाइप टाकून देणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या ठेकेदाराला चार. नावं दोघांचीही लिहीत नाही, कारण तक्रारी दोघांबद्दल आहेत आणि मला कोर्टाच्या पायऱ्या चढायची हौस नाही. पण कोणी काय केलं, किती पैसे घेतले आणि दोन पावसाळे काढल्यावर काय दिसतंय, हे जांभ्याचं जुनं घर सांभाळणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

घर संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या अलीकडे, डोंगराच्या उताराला. चिरा जांभ्याचा, दर्जा म्हणजे चिऱ्यांमधले सांधे मातीचे, भिंती दीड फूट जाड. पुढे ओटी, मग माजघर आणि देवघर, मागे पडवी, आणि पडवीच्या मागे चार-पाच हात परसदार सोडलं की सरळ दरड. सासूबाई बारा महिने तिथेच असतात. आम्ही ठाण्याहून सणासुदीला आणि मे महिन्यात जातो.

दुखणं असं की श्रावण लागला की माजघराच्या मागच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल चढायची. रंगाचे पोपडे, त्याखाली पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, हात फिरवला की भुगा बोटांना लागायचा. लाकडी कपाटाचे पाय फुगले होते. खालच्या खणातल्या साड्यांना कितीही डांबरगोळ्या घाला, कुबट वास जायचा नाही. आणि गणपतीच्या आसपास माजघरातल्या टाइल्सच्या सांध्यांतून चक्क पाणी वर यायचं. पुसून घ्यावं तर अर्ध्या तासात परत तेच. शेवटी गोणपाटं अंथरायची आणि पाहुण्यांना म्हणायचं, जरा जपून.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात जांभा हा सच्छिद्र दगड. बांधकामाच्या चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषलं तरी भारतीय मानकात ते बसतं. तीस किलोचा एक चिरा धरला तर साडेतीन लिटर पाणी त्याच्या पोटात राहू शकतं. अशा किती चिऱ्यांची भिंत असते ते आपापल्या घराकडे बघून मोजा. मग जुन्या लोकांची घरं कशी टिकली? जमीन शेणाने सारवलेली, भिंतीला माती-चुन्याचा गिलावा. खालून आलेली ओल तिथल्या तिथे वाळून जायची. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्याकडे सगळ्या घरात व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, भिंतींना सिमेंट प्लास्टर केलं. झाडायला-पुसायला सोपं झालं, हे खरंच. सासूबाईंना सारवणातून सुटका हवी होती आणि ती हवीच होती. पण जमिनीतली वाफ आता वर यायला जागा राहिली नाही. ती सरकत सरकत भिंतीकडे गेली आणि सिमेंटच्या मागून वर चढायला लागली.

पहिली कंपनी आली ती जाहिरात बघून. शर्ट-पँट इस्त्रीचे, हातात मीटर. मीटरच्या दोन सुया भिंतीत खुपसल्या की लाल दिवा. इथे लाल, तिथे लाल. माझे यजमान इलेक्ट्रिकल इंजिनिअर, त्यांनी तेव्हाच विचारलं की हे यंत्र वीज किती सहज वाहते तेच मोजतं ना, मग क्षारांनी भरलेल्या भिंतीत ते असंही जास्तच दाखवणार. त्यावर उत्तर आलं, ‘सर, आमचा दहा वर्षांचा अनुभव आहे.’

उपाय काय, तर भिंतीत आडवा अडसर तयार करायचा. जमिनीपासून अर्धा फूट वर, दर चार-पाच इंचांवर बारा मिलिमीटरचं भोक, आणि त्यात सिलेन-सिलॉक्झेन जातीचं पाणी झिडकारणारं रसायन भरायचं. ते भिंतीत पसरतं, दगडाच्या बारीक छिद्रांना आतून अस्तर लागतं आणि पाणी वर चढत नाही. तत्त्व चुकीचं नाही. दर होता धावत्या फुटाला ४८० रुपये. आम्ही मागची भिंत आणि देवघराचा कोपरा मिळून बेचाळीस फूट करून घेतले. त्यावर चार फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंग घातलेलं सिमेंट प्लास्टर. एकूण बिल चौतीस हजारांच्या घरात.

काम चालू असताना मी तिथे होते. बाटल्या उलट्या लावून रसायन सोडत होते. काही भोकं तासाभरात पोट भरल्यासारखी थांबली. पण मधल्या एका भोकाने बाटलीमागून बाटली रिचवली. कंपनीचा पोरगा खूश, म्हणाला भिंत छान पितेय. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पडवी झाडायला गेल्या तर भिंतीच्या त्या बाजूला, जोत्यावरून, पांढरट ओघळ आलेला. आमच्या भिंती म्हणजे दोन्ही अंगांना घडवलेले चिरे आणि मध्ये माती, कपच्या, पोकळ्या. रसायन दगडात मुरलंच नाही, फटींतून वाट काढून बाहेर गेलं. मातीच्या दर्जा असलेल्या जाड भिंतीत सलग अडसर तयार होणं कठीण असतं, हे काम घेण्याआधी सांगायला हवं होतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये चार फुटांपर्यंतचं नवं प्लास्टर कोरडं ठक्क. ओल पाचव्या फुटावर, प्लास्टर संपतं त्याच्या बरोब्बर वर. टाइल्सच्या सांध्यांतलं पाणी तर जसंच्या तसं. फोन केल्यावर वॉरंटीचं कार्ड वाचायला सांगितलं. बारीक अक्षरात होतंच: जमिनीतून दाबाने येणारं पाणी यात धरलेलं नाही. म्हणजे आमचा जो आजार होता तोच वगळलेला. दीड तारा तरी का दिला? कारण मागच्या नव्या न्हाणीघराची भिंत सिमेंटात बांधलेल्या विटांची आहे, तिच्यावर त्यांनी तीच ट्रीटमेंट केली आणि तिथे ओल खरंच थांबली. विटांचा बंगला असेल, ओल नुसती भिंतीतून चढत असेल, तर विचार करायला हरकत नाही.

दुसरा माणूस मिळाला तो दिराच्या ओळखीतून. मूळचा गवंडी, आता स्वतःची चार-पाच माणसं घेऊन चर, बांध, शोषखड्डे अशी कामं करतो. वय साठीच्या आसपास, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांची पहिली गोष्ट मला आवडली ती ही, की मी म्हटलं दिवाळीत या, तर म्हणाले, ‘दिवालीत काय बगू? पावसातच येतो.’ आणि भर श्रावणात, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन आले. घरात पाऊल टाकायच्या आधी घराला दोनदा प्रदक्षिणा घातली.

पुढच्या दारी येऊन त्यांनी सासूबाईंना विचारलं, पायऱ्या किती होत्या? तीन होत्या. आता एक आहे. अंगणात दर दोन-चार वर्षांनी मुरूम टाकत गेलो, मग पेव्हर ब्लॉक बसवले. जोतं बुडत गेलं आणि कुणाच्या ते डोळ्यांवर आलं नाही. मागे गेले तर पत्र्याच्या पागोळ्या थेट जोत्याच्या मुळाशी पडत होत्या. नव्या न्हाणीघराचा शोषखड्डा घराच्या वरच्या अंगाला खणलेला. पूर्वी न्हाणीचं पाणी पाटाने खालच्या केळींना जायचं.

मग पहार घेऊन दरडीच्या पायथ्याशी त्यांनी हातभर रुंद, गुडघाभर खोल खड्डा खणला. वर लाल माती, खाली कातळ. आम्ही छत्र्या धरून उभे. खड्ड्यात पावसाचं पाणी पडू नये म्हणून त्यावर जुना पत्रा आडवा टाकला, आणि वाकून बघायला सांगितलं. डोंगराच्या बाजूच्या कडेला, माती संपून कातळ लागतो त्या रेषेवर, पाणी सुटायला लागलं होतं. धार नव्हती, नुसती चकाकणारी पट्टी, आणि तिच्यातून थेंब सुटून खाली. घराच्या बाजूची कडा बराच वेळ कोरडी. बिडी ओढून होईपर्यंत तळ भरला. मामा म्हणाले, ‘वैनी, पानी भितीत नाय. पानी घराखालनं चाललाय. भित बिचारी मदी उबी हाय.’ सगळ्या डोंगरात मुरलेलं पाणी कातळावरून उतारावर सरकत येतं आणि वाटेत आमचं जोतं. चौतीस हजारांत जे कुणी सांगितलं नव्हतं ते एका खड्ड्यात दिसलं.

आत येऊन आणखी एक गंमत केली. दुधाची पिशवी कापून धुऊन पुसून तिचे दोन तुकडे केले, एक माजघरात आणि एक ओटीवर, टाइलच्या सांध्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवले. दुसऱ्या दिवशी माजघरातल्या तुकड्याच्या खालच्या अंगाला थेंब जमलेले. ओटीवरचा खालून कोरडा, वरून दमट. खालून भिजला तर पाणी जमिनीचं, वरून भिजला तर हवेचं. हे कुणालाही घरी करता येतं, फुकट आहे, आणि कुठल्याही ठेकेदाराला बोलवायच्या आधी करावं. कारण मृगाच्या सुमाराला लाद्यांना जो घाम फुटतो तो वेगळा. बाहेरची दमट हवा थंड लादीला लागून पाणी धरते. त्यावर चर खणून उपयोग नाही, उलट त्या दिवसांत हवा खेळू दे म्हणून खिडक्या सताड उघड्या टाकल्या तर लादी जास्तच भिजते. पाऊस स्थिरावला की तो घाम आपोआप कमी होतो.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. घरामागे दरडीच्या बाजूने आणि एका कुशीने मिळून सत्तर फूट चर. भिंतीपासून चार फूट दूर, कारण जुन्या घराचा पाया उथळ असतो. त्याच्या अगदी मुळाशी खोल खणलं तर पायाखालची माती सुटून भिंतच खचायची. माझ्या दिराची घाई होती की पडवीला लागूनच खणा म्हणजे परसदाराची जागा वाचेल, मामांनी सरळ नाही म्हटलं. खोली कातळ लागेपर्यंत, कुठे दोन फूट, कुठे तीन. उतार शंभर फुटांना एक फूट, पाण्याच्या नळीने तपासलेला. तळाला जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर खडी, मग भोकांचा चार इंची पीव्हीसी पाइप, परत वरपर्यंत खडी, आणि कापड वरून दुमडून माती. पूर्वी नुसते धोंडे भरायचे, मग काही वर्षांत लाल माती जाऊन चर बुजायचा. कापड आहे ते त्यासाठी. पाइपाचं तोंड खालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात सोडलं. जवळची वाट शेजाऱ्यांच्या आगरातून होती, पण कोकणात पाणी दुसऱ्याच्या हद्दीत सोडणं म्हणजे तीन पिढ्यांच्या भांडणाची तजवीज करणं. आम्ही लांबून नेलं.

बाकीचं भराभर सांगते. मागच्या पत्र्याला पन्हळ लावली. जोत्यालगत तीन फूट कोबा, बाहेरच्या अंगाला उतार देऊन. शोषखड्डा घराच्या खालच्या बाजूला हलवला. पुढच्या अंगणात भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक काढून माती खाली उतरवली, दुसरी पायरी परत दिसायला लागली. माजघरातलं सिमेंट प्लास्टर सहा फुटांपर्यंत फोडून भिंत मे अखेरपर्यंत उघडी ठेवली. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून बाहेर टाकायचा, पाण्याने धुवायचा नाही. धुतला तर तो विरघळून परत दगडात जातो. सासूबाईंनी हे काम मनावर घेतलं होतं, रोज सकाळी देवपूजेनंतर भिंतीची झाडलोट. मग चुन्याचा गिलावा. चुन्याचं काम करणारा माणूस मिळवताना दम निघाला, हे आधीच सांगून ठेवते. आजच्या गवंड्यांना ते वेळखाऊ वाटतं आणि ते आहेही. टाइल्स काढायला मी तयार होते, पण मामा म्हणाले एक पावसाळा बघा, मग पैसे घाला. स्वतःचं काम कमी करणारा सल्ला देणारा ठेकेदार मला आयुष्यात फारसा भेटलेला नाही.

आता तक्रारी. अंदाज पासष्ट हजारांचा दिला होता, तोही कालनिर्णयच्या पानामागे पेनने लिहून. झाले शहाऐंशी. मागे जेसीबी जाऊ शकत नव्हता हे पहिल्या दिवशी दिसत होतं, तरी हातखोदाईचा दर हिशेबात नव्हता. मध्ये एका जागी कातळ वर आलेला निघाला, तिथे ब्रेकर आणावा लागला, त्याचे वेगळे. पक्कं बिल मागितलं तर हसले. ‘उद्या येतो’ याचा अर्थ उद्या असा घ्यायचा नाही हे कोकणात वेगळं सांगायला नको, पण चर उघडा टाकून आठवडाभर माणसं लग्नाच्या मांडवाच्या कामाला गेली, तेव्हा मी फोनवर जरा मोठ्याने बोलले. उरलेली खडी अंगणात तशीच. चेंबरचं एक झाकण फुटकं बसवलं, ते अजून बदलून दिलेलं नाही.

आणि एक गोष्ट खरोखर गंभीर. घराभोवती वाळवीचं औषध मारून घेतलेलं होतं. जोत्यालगतची माती उकरली की औषधाचा तो पट्टा तुटतो. मामांनी ते सांगितलं नाही. पडवीच्या दाराच्या चौकटीला मातीचे माग दिसले तेव्हा पेस्ट कंट्रोलवाल्याकडून कारण कळलं, आणि परत भोकं पाडून औषध भरण्याचा खर्च आमच्या बोकांडी बसला. चर, कोबा, पायाचं काही काम काढलंत तर वाळवीचं औषध त्यानंतर मारा. एक तारा इथेच गेला.

दोन पावसाळ्यांनंतरची स्थिती. टाइल्सच्या सांध्यांतून पाणी पहिल्याच वर्षी थांबलं. गोणपाटं लागली नाहीत, गौरींच्या जेवणाची पंगत माजघरात बसली. जुलैत पाऊस लागून राहिला होता तेव्हा पऱ्याकडच्या पाइपाच्या तोंडाशी बादली धरली, मिनिटाभरात काठोकाठ. हे सगळं पूर्वी आमच्या पायांखालून जायचं. भिंतीला पहिल्या पावसाळ्यात लोणा आलाच, दुसऱ्यात कमी. दीड फुटी भिंत वाळायला इंचाला एक महिना धरतात, त्यात आपल्याकडे चार महिने वाळण्याचा प्रश्नच नाही, म्हणजे धीर धरायला हवा. चुन्यावर ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट लावायचा नाही, चुन्याचीच सफेदी. दिराला ती जुनाट वाटते. वाटो. देवघराचा कोपरा अजून दमट आहे. तिथे खालचा कातळच उंच आहे, पाणी चरापर्यंत न जाता आडून येतं असं मामांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटलेलं नाही, पण कोपऱ्यातली ओल आता वीतभर आहे, पूर्वी छातीपर्यंत होती.

देखभाल थोडी आहे. मृगाआधी पाइपाच्या तोंडाचा पालापाचोळा काढायचा आणि जाळी तपासायची. जाळी बारीक हवी, पहिल्या वर्षी ती नव्हती तर आत कुर्ल्यांनी संसार थाटला होता. पन्हळीत आंब्याची पानं साचतात, ती महिन्यातून एकदा.

कुणाला असं काम द्यायचं असेल तर माणसाला पावसात बोलावून घर दाखवा आणि दिवाळी झाली की लगेच सुरू करा. शिमग्याला कामगार गावोगावी पालखीत असतात, मे महिन्यात सगळे चाकरमानी एकदम उतरतात आणि जेसीबीवाला फोन उचलत नाही. दर धावत्या फुटाचा ठरवा, त्यात हातखोदाई, कातळ फोडणं, खडीची वाहतूक आणि झाकणं धरली आहेत का ते कागदावर घ्या, कालनिर्णयच्या का होईना, पण खाली सही घेऊन.